शिडाच्या जहाजाच्या मॉडेलवर यार्ड चढवणे: टेबलावरच्या तयारीपासून शेवटच्या ब्रेसपर्यंत

सांगाडा झाला, डेक झाला, डोलकाठ्या उभ्या राहिल्या, श्राउड (डोलकाठीला बाजूंनी धरणारे दोर) आणि स्टे (तिला पुढून-मागून धरणारे दोर) ताणून झाले. आता फक्त यार्डं, म्हणजे शिडं टांगायचे आडवे दांडे, लावायची राहिली, असं वाटतं आणि नेमकं तिथेच काम बिघडतं. डोलकाठीवर चिकटवून झालेल्या यार्डवर कप्प्या बांधायला जागा मिळत नाही. एका बाजूचा ब्रेस, म्हणजे यार्ड पुढे-मागे फिरवणारा दोर, ओढला की दुसरीकडचा स्टे वाकतो. तीन डोलकाठ्यांवरची यार्डं समोरून पाहिली तर तिन्हींचा उतार वेगळा दिसतो. हात कितीही सफाईदार असला तरी हे घडतं, कारण चूक कामाच्या क्रमात असते.

क्रमाचं सूत्र एवढंच: यार्डवर जे काही बांधायचं ते सगळं टेबलावर बांधून संपवायचं, जहाजावर फक्त तयार यार्ड न्यायचं, आणि ब्रेस सर्वांत शेवटी ओवायचे. पुढची सगळी माहिती याच सूत्राची फोड आहे. अठराव्या शतकाचा उत्तरार्ध ते एकोणिसाव्याची सुरुवात या काळातलं, तीन डोलकाठ्यांचं, चौकोनी शिडांचं जहाज मी गृहीत धरलं आहे. क्लिपरसारख्या (वेगवान मालवाहू) नंतरच्या जहाजांत जिथे फरक पडतो तिथे तसं म्हटलं आहे.

१. आधी ठरवा: शिडं लावणार की नाही?

हा प्रश्न बहुतेक जण शेवटी विचारतात. तो पहिला आहे, कारण यार्ड कोणत्या उंचीवर बसणार हे त्यावर ठरतं.

खऱ्या जहाजावर सर्वांत खालचं यार्ड टॉपच्या, म्हणजे डोलकाठीवरच्या चौथऱ्याच्या, खाली जवळजवळ कायम एकाच जागी टांगलेलं असायचं. त्याच्या वरचं टॉपसेल आणि त्याहून वरचं टॉपगॅलंट, ही यार्डं मात्र वर-खाली सरकायची. शीड उघडायचं असेल तेव्हा यार्ड वर ओढलं जाई. शीड गुंडाळलं की यार्ड खाली उतरून खालच्या काठीच्या कॅपच्या (माथ्यावरच्या, वरची काठी धरणाऱ्या ठोकळ्याच्या) थोडंच वर येऊन थांबे.

म्हणून मॉडेलवर शिडं नसतील, किंवा गुंडाळलेली असतील, तर टॉपसेल आणि टॉपगॅलंट यार्डं उतरलेल्या जागी दाखवा. या जागी यार्डचा भार लिफ्ट, म्हणजे यार्डची टोकं वरून धरणारे दोर, पेलतात, म्हणून लिफ्ट ताठ असतात. शिडं पूर्ण उघडलेली असतील तर यार्डं वर जातात, भार यार्ड ओढणाऱ्या दोरावर येतो आणि टॉपसेलच्या लिफ्ट सैल पडतात. शिडं नाहीत पण यार्डं पूर्ण वर चढवलेली, ही मॉडेलमध्ये सर्वाधिक दिसणारी चूक आहे. आराखड्यात बहुधा शिडं उघडलेली काढलेली असतात आणि बनवणारा शिडं वगळून बाकी सगळं तसंच उतरवतो.

क्लिपर बनवत असाल तर दुहेरी टॉपसेलकडे, म्हणजे एकाऐवजी एकावर एक दोन टॉपसेलकडे, लक्ष द्या. खालचं टॉपसेल यार्ड जागेवर पक्कं असतं, सरकतं ते फक्त वरचं. १८६९ साली पाण्यात उतरलेल्या आणि आज ग्रिनिचला असलेल्या ‘कटी सार्क’वर अशीच रचना आहे.

तपासा: प्रत्येक डोलकाठीवर यार्डच्या मध्याची जागा पेन्सिलीने खुणावली का? पुढच्या सगळ्या दोऱ्यांची लांबी या खुणेवरून निघणार आहे.

२. मापांचा हिशोब: दोर आणि कप्प्या

जुन्या जहाजांच्या तक्त्यांत दोराचं माप घेराचं असतं, व्यासाचं नाही. ‘तीन इंची दोर’ म्हणजे ज्याचा घेर तीन इंच, तो दोर. त्याचा व्यास साधारण २४ मिलिमीटर भरतो. १:४८ प्रमाणात तो ०.५ मिमी, १:६४ मध्ये सुमारे ०.३८ मिमी आणि १:९६ मध्ये ०.२५ मिमी होतो. घेराला व्यास समजलात तर १:६४ मध्ये जवळजवळ १.२ मिमीचा दोरा लागेल, म्हणजे तिपटीहून जाड. मॉडेलवर ब्रेस साखळदंडासारखे जाडजूड दिसतात त्यामागे पुष्कळदा हीच गफलत असते.

कप्पीसाठी जुन्या कारागिरांचा हिशोब सोपा आहे: कप्पीची लांबी दोराच्या घेराच्या तिप्पट. तीन इंची दोराला नऊ इंची कप्पी. १:६४ मध्ये ती साडेतीन मिलिमीटरची होते. किटमध्ये सगळीकडे एकाच मापाच्या, बहुधा पाच मिमीच्या, कप्प्या दिलेल्या असतात. त्या खालच्या यार्डला चालून जातात. टॉपगॅलंटला त्या डोळ्यात खुपतात. निदान दोन मापं ठेवा. माझं मत विचाराल तर तीन.

रंगाचं भान इथेच ठेवा. जागेवर पक्के राहणारे दोर डांबर लावलेले, म्हणून गडद तपकिरी किंवा काळपट. कप्प्यांतून सरकणारे दोर फिकट, तागाच्या रंगाचे. यार्डवरचे फूटरोप (खलाशी उभा राहतो ते दोर), त्यांना धरणारे स्टिरप आणि ब्रेसचे पेंडंट (टोकाला कप्पी असलेले आखूड दोर) हे गडद गटात येतात. पेंडंटच्या कप्पीतून जाणारा ब्रेस फिकट.

३. यार्ड घडवणे

यार्ड हा दोन्हीकडे निमुळता होत जाणारा साधा दांडा आहे असं समजून तो पॉलिश पेपरवर घासला की मध्यापासून टोकापर्यंत एकसारखा उतार येतो आणि यार्ड गाजरासारखं दिसतं. खरं यार्ड मध्यापासून बराच वेळ जवळजवळ तेवढंच जाड राहतं आणि टोकाकडे झपाट्याने बारीक होतं. त्या काळच्या इंग्लिश जहाजांचं प्रमाण असं: मध्यापासून टोकापर्यंतच्या अर्ध्या लांबीचे चार समान भाग करा. पहिल्या खुणेवर व्यास मध्याच्या ३०/३१, दुसऱ्यावर ७/८, तिसऱ्यावर ७/१० आणि टोकाला ३/७. मध्याचा व्यास ६ मिमी असेल तर क्रमाने ५.८, ५.२५, ४.२ आणि २.६ मिमी.

घडवण्याचा क्रम:

१) चौकोनी पट्टीपासून सुरुवात करा, गोल दांड्यापासून नको. चौकोनी पट्टीवर मध्य, चार खुणा आणि भोकाची जागा अचूक आखता येते.
२) मध्यभागी पिनसाठीचं भोक आत्ताच पाडा. बाजू सपाट असताना ड्रिल सरळ जातो, गोल झाल्यावर घसरतो.
३) आधी चौकोनातच निमुळतं करा, मग आठ बाजू, मग सोळा, मग गोल. खालच्या यार्डांचा मधला भाग अष्टकोनीच राहू द्या. पहिल्या खुणेपर्यंत तो असाच असे.
४) यार्डच्या टोकाजवळचे आणि मध्याजवळचे क्लीट, म्हणजे दोर आत सरकू न देणारी छोटी लाकडी अडणी, चिकटवा.
५) रंग देऊन पूर्ण वाळू द्या. कप्प्या बांधल्यावर रंगवायला जाऊ नका. ब्रश कितीही बारीक असला तरी दोरा रंग ओढून घेतोच.

सावध: यार्डला पुढची-मागची आणि वरची-खालची बाजू असते. रंग वाळला की पुढच्या बाजूला कागदी टेपचा छोटा तुकडा लावून त्यावर ‘पुढे, डावे टोक’ असं लिहा. फूटरोप चुकून पुढच्या बाजूला लागणं इतकं सर्रास घडतं की हा तुकडा यार्ड डोलकाठीवर बसेपर्यंत काढूच नये.

४. दोरा तयार करणे

दोरा रिळावरून काढून थेट वापरला की तो काही आठवड्यांत सैल पडतो आणि त्याची लव धूळ धरते. आधी दोऱ्याची लांब लड खिळ्याला टांगून तिच्या खालच्या टोकाला हलकं वजन बांधा आणि रात्रभर ठेवा. सुती किंवा लिनन दोरा असेल तर तो ज्योतीच्या बाजूने झटकन नेला की लव जळते. पॉलिएस्टर मात्र ज्योतीजवळ नेऊ नका, तो वितळतो. त्याला मुळात लव कमी असते, त्यामुळे हलकंसं मेण पुरेसं होतं. मेण लावल्यावर दोरा कापडातून जोरात ओढा, म्हणजे जास्तीचं मेण निघून जाईल.

ग्लूबद्दल माझं मत ठाम आहे. दोऱ्यावरच्या गाठींना पांढरा सुतारी ग्लू, निम्मं पाणी मिसळून. सुपरग्लूने दोरा कडक आणि ठिसूळ होतो, गाठीभोवती पांढरट डाग उमटतो आणि चूक झाली तर गाठ सोडवता येत नाही. पातळ केलेला पांढरा ग्लू ओल्या ब्रशने पुन्हा मऊ होतो. सुपरग्लूचं काम एकच: दोऱ्याचं टोक दोन-तीन सेंटिमीटर कडक करायचं, मग ते तिरकं कापायचं. कप्पीत ओवायला सुईची गरज उरत नाही.

कप्प्यांची भोकं बांधण्यापूर्वी अर्ध्या मिलिमीटरच्या ड्रिलने साफ करून घ्या. बांधून झालेली, जहाजावर चढलेली कप्पी बंद निघाली तर तिथे ड्रिल शिरत नाही.

५. टेबलावर यार्ड सजवणे

सर्वाधिक वेळ इथे द्या. एका फळीवर यार्डचा पूर्ण मापाचा आराखडा चिकटवा, यार्ड तिच्यावर दोन छोट्या चिमट्यांनी अडकवा आणि प्रत्येक गोष्टीची जागा आराखड्यावरून वर घ्या. डावी बाजू करून झाली की लगेच उजवीकडची तीच गोष्ट करा. एक पूर्ण बाजू संपवून मग दुसरीकडे गेलात तर जागा हमखास सरकते.

टोकावरचा क्रम

यार्डच्या टोकावर तीन-चार दोरांचे फासे एकावर एक बसतात आणि त्यांचा क्रम ठरलेला आहे. सर्वांत आत, क्लीटला लागून, फूटरोपचा फासा. त्याच्या बाहेर ब्रेसचं पेंडंट. त्याच्या बाहेर लिफ्टची कप्पी, आणि खालच्या यार्डवर टॉपसेलच्या शीटची (शिडाचा खालचा कोपरा ओढून धरणाऱ्या दोराची) कप्पी. सगळे फासे टोकावरून आत सरकवायचे असतात, म्हणून जोडशिडाच्या (यार्डच्या टोकाबाहेर लावायच्या जादा शिडाच्या) दांड्याची लोखंडी कडी टोकाला बसवायची असेल तर ती या सगळ्यांनंतर. कडी आधी बसवली की फासे आत जायला वाटच उरत नाही आणि मग ते कापून चिकटवावे लागतात.

फूटरोप

शीड गुंडाळायला यार्डवर गेलेला खलाशी ज्या दोरावर उभा राहतो तो फूटरोप. तो यार्डच्या मागच्या बाजूला साधारण तीन फूट खाली लोंबतो. १:४८ ला हे अंतर १९ मिमी, १:६४ ला १४ मिमी, १:९६ ला साडेनऊ मिमी. त्याला अधूनमधून धरून ठेवणारे उभे दोर म्हणजे स्टिरप. स्टिरपची वरची टोकं यार्डभोवती दोन-तीन वेढे घेऊन मागच्या बाजूने खाली उतरतात आणि खालच्या टोकाला डोळा असतो, त्यातून फूटरोप जातो.

क्रम असा:

१) सगळे स्टिरप आधी कापा, सगळे एकाच लांबीचे. डोळा बारीक टाचणीभोवती बांधा. १:९६ किंवा त्याहून लहान प्रमाणात काळी केलेली बारीक तांब्याची तार वापरा, डोळा स्वच्छ दिसतो.
२) ते यार्डवर बांधा. सर्वांत खालची टोकं एका सरळ पट्टीला टेकतात का पाहा.
३) फूटरोप टोकाच्या फाशातून आत, सगळ्या डोळ्यांतून, आणि मध्य ओलांडून पलीकडच्या बाजूला बांधा. डावा फूटरोप मध्याच्या उजवीकडे संपतो आणि उजवा डावीकडे, त्यामुळे मध्यभागी दोन्ही एकमेकांवरून जातात.
४) आता वाक. मॉडेलचा दोरा स्वतःच्या वजनाने लोंबत नाही, तो तारेसारखा अधांतरी राहतो. यार्ड फळीवर त्याच्या खऱ्या स्थितीत आडवं पकडा, फूटरोपला पातळ ग्लू पाजा, दोन स्टिरपच्या मध्ये छोटे चिमटे लटकवा आणि रात्रभर तसंच राहू द्या.

तपासा: चिमटे काढल्यावर यार्ड उलटं धरा. फूटरोपचा वाक टिकून राहिला तर काम झालं. पडला तर ग्लू आणखी एकदा.

टॉपसेल यार्डच्या टोकांना याखेरीज एक छोटा वेगळा फूटरोप असतो, अगदी टोकावर उभं राहणाऱ्या खलाशासाठी. आराखड्यात तो पुष्कळदा काढलेला नसतो.

मध्याजवळच्या गोष्टी

खालच्या यार्डच्या मध्यावर जीअरच्या (हे यार्ड वर ओढणाऱ्या दोरांच्या) मोठ्या कप्प्या, त्यांच्या लगत यार्ड टांगून धरणारा दोर म्हणजे स्लिंग, आणि थोडं बाहेर टॉपसेल शीटला खाली वळवणाऱ्या कप्प्या येतात. खालच्या शिडाच्या क्लू-लाइनच्या (शिडाचा खालचा कोपरा वर ओढणाऱ्या दोराच्या) कप्प्या यार्डच्या खालच्या अंगाला, मागे. टॉपसेल यार्डच्या मध्यावर हॅल्यार्डची (यार्ड वर ओढणाऱ्या दोराची) कप्पी आणि पॅरल. पॅरल म्हणजे मण्यांचा पट्टा, तो डोलकाठीला मागून वेढतो म्हणून यार्ड वर-खाली सरकू शकतं. त्याचं एक टोक टेबलावर बांधून ठेवा, दुसरं मोकळं सोडा, ते यार्ड बसल्यावर बांधायचं आहे.

१९ व्या शतकात यार्डवर शीड बांधायला जॅकस्टे, म्हणजे यार्डवर लांबीभर बसवलेली लोखंडी सळई, आला. तुमचं जहाज त्याआधीचं असेल तर जॅकस्टे लावू नका, शीड थेट यार्डभोवती बांधलं जाई. किटमध्ये दिला आहे एवढ्यावरून तो बसवू नका.

एक टोक यार्डलाच बांधलं जातं असे दोर आत्ताच बांधून टाका, आणि त्यांची लांब शेपटं कागदाच्या छोट्या गुंडाळीवर गुंडाळून त्यावर नाव लिहा.

६. यार्ड पक्कं ठेवणारी पिन

केवळ दोरांच्या भरवशावर मॉडेलचं यार्ड जागेवर राहत नाही. यार्डच्या मध्यावर आधी पाडलेल्या भोकात पितळी तारेची पिन बसवा: खालच्या यार्डांना ०.८ मिमी, टॉपसेलला ०.६, टॉपगॅलंटला ०.४ किंवा ०.५. डोलकाठीत ती तीन-चार मिलिमीटर जाऊ द्या. टॉपगॅलंट काठी बारीक असते, तिथे जाड पिनेचं भोक पाडलं की काठी नेमकी त्या जागी तुटते.

डोलकाठीच्या बाजूचं भोक पाडताना पहिल्या पायरीत केलेल्या खुणेवर पाडा. आराखड्यावर पुन्हा मोजू नका. उभी केलेली डोलकाठी आराखड्यापेक्षा थोडी मागे-पुढे झुकलेली असते आणि त्या फरकाने मोजमाप चुकतं.

सावध: टॉपगॅलंट यार्ड ओढणारा टाय काठीतल्याच एका आडव्या खाचेतून मागे जातो. ती खाच डोलकाठी उभी करण्यापूर्वी पाडायची असते. राहून गेली असेल तर उभ्या काठीवर ड्रिल चालवण्यापेक्षा काठीच्या मागे एक छोटी कप्पी बांधून टाय तिच्यातून न्या.

७. चढवण्याचा क्रम

एक डोलकाठी पूर्ण करून मग दुसरी, ही पद्धत मला पटत नाही. मी थर धरून जायला सांगेन: आधी तिन्ही डोलकाठ्यांची खालची यार्डं, मग तिन्हींची टॉपसेल, मग टॉपगॅलंट. कारणं दोन. एका थरातली तिन्ही यार्डं एकदम डोळ्यासमोर असली की कोणतं कललं ते लगेच दिसतं. दुसरं, खालच्या यार्डांचे जीअर डोलकाठीच्या पायथ्याशी बांधले जातात आणि वर जाळं होण्याआधीच तिथे चिमटा सहज पोचतो.

खालच्या यार्डसाठी:

१) यार्ड तिरकं धरून श्राउड आणि पुढच्या स्टेच्या मधून बाजूने आत घ्या. ते डोलकाठीच्या पुढे आणि स्टेच्या मागे बसतं. स्टेच्या पुढे टांगलेलं यार्ड पुष्कळ मॉडेलवर दिसतं, आणि चूक कळते तेव्हा सगळे दोर ओवून झालेले असतात.
२) यार्ड जागेच्या खाली सैल लटकत ठेवून जीअर वरच्या आणि खालच्या कप्प्यांतून ओवा. जागेवर बसवल्यावर ओवायला गेलात तर कप्प्यांमध्ये चिमट्याला जागा राहत नाही.
३) जीअर ओढत यार्ड वर आणा, पिन भोकात बसवा, थेंबभर ग्लू.
४) स्लिंग बांधा. जीअरची टोकं पायथ्याशी नेऊन तात्पुरती अडकवा, चिकटवू नका.

टॉपसेल यार्डला जीअर नसतात. मोठ्या जहाजावर टाय डोलकाठीच्या माथ्यापासून निघून यार्डवरच्या कप्पीतून वर परत जातो आणि काठीच्या मागून खाली हॅल्यार्डला जोडला जातो. पिन बसली की पॅरलचं मोकळं टोक बांधा, पण आवळू नका. मणी काठीभोवती सैलसे दिसले पाहिजेत.

तपासा: प्रत्येक यार्ड बसल्यावर जहाजासमोर दोन पावलं मागे उभे राहा. मग एक दोरा बोस्प्रिटच्या (जहाजाच्या पुढच्या टोकातून बाहेर आलेल्या काठीच्या) टोकाला धरून यार्डच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतचं अंतर मोजा. दोन्ही सारखी असतील तर यार्ड जहाजाच्या मध्यरेषेशी काटकोनात आहे. डोळा इथे फसवतो, दोरा फसवत नाही.

८. लिफ्ट

यार्ड आडवं राहणं लिफ्टवर अवलंबून आहे. खालच्या यार्डची लिफ्ट कॅपजवळून निघते, यार्डच्या टोकावरच्या कप्पीतून जाते, परत कॅपच्या कप्पीतून खाली डेकवर उतरते. दोन्ही बाजूंच्या लिफ्ट एकाच वेळी ओवा, दोन्हीकडे सारख्या वजनाचे चिमटे लटकवा आणि यार्ड समतोल होऊ द्या.

समतोल कशाच्या आधारे पाहायचा? टेबलाच्या आधारे नव्हे. मॉडेल स्टँडवर किंचित कललेलं असू शकतं. यार्डच्या दोन्ही टोकांपासून त्याखालच्या कठड्यापर्यंतची उंची पुठ्ठ्याच्या एकाच पट्टीने मोजा.

लिफ्ट जास्त ताणली की यार्डची टोकं वर वळतात आणि बारीक टॉपगॅलंट काठी बाजूला झुकते. दोरा सरळ दिसेल इतकाच ताण द्या, त्याहून अधिक नको.

शिडं नसलेल्या मॉडेलवर पुढचं काम अनेक जण विसरतात: शीट आणि क्लू-लाइन. शीड उतरवल्यावरही हे दोर यार्डवरच राहत. टॉपसेल शीटचं टोक खालच्या यार्डच्या टोकावरच्या कप्पीतून बाहेर काढून, वरून आलेल्या क्लू-लाइनच्या टोकाशी जोडा. शीट तिथून यार्डच्या खालून मध्याकडे आणि मध्याच्या कप्पीतून डेककडे जाते. ती नसेल तर खालच्या यार्डची टोकं ओकीबोकी दिसतात आणि कप्प्या कशासाठी आहेत ते कळत नाही.

९. ब्रेस: सर्वांत शेवटी

ब्रेस यार्डला पुढे-मागे फिरवतात. ते एका डोलकाठीवरून दुसरीकडे आडवे जातात, त्यामुळे एकदा लागले की मधल्या भागात हात घालणं संपतं. म्हणून बाकी सगळ्या दोरांची टोकं खुंट्यांवर बसेपर्यंत एकही ब्रेस ओवू नका.

दिशा नीट समजून घ्या. पुढच्या डोलकाठीचे ब्रेस मागे, मुख्य डोलकाठीच्या स्टेकडे जातात. मुख्य डोलकाठीचं खालचं यार्ड मागे, जहाजाच्या मागच्या कडांना, आणि तिचं टॉपसेल मागच्या डोलकाठीकडे. मागच्या डोलकाठीचे ब्रेस मात्र पुढे, मुख्य डोलकाठीकडे जातात, कारण तिच्या मागे दोर बांधायला उंच असं काही नसतं. सगळेच ब्रेस मागे नेण्याची चूक इथेच होते.

ओवण्याचा क्रम आतून बाहेर: आधी मागच्या डोलकाठीचे पुढे जाणारे, मग मुख्य टॉपसेल आणि टॉपगॅलंटचे, मग पुढच्या डोलकाठीचे, आणि शेवटी मुख्य यार्डचे, जे जहाजाच्या अगदी बाहेरच्या कडेला जातात आणि हाताला सर्वाधिक अडतात. प्रत्येक डोलकाठीवर खालून वर.

डावा आणि उजवा ब्रेस नेहमी जोडीने. दोन्हीला सारखे चिमटे लटकवून रात्रभर ठेवा, सकाळी यार्ड काटकोनात आहे का ते बोस्प्रिटच्या दोऱ्याने पुन्हा पाहा, मगच खुंटीवर बांधा.

तपासा: जहाजाकडे बाजूने पाहा. ज्या स्टेवर ब्रेसचं टोक बांधलं आहे तो स्टे त्या जागी वर किंवा पुढे मोडल्यासारखा दिसतो का? दिसत असेल तर ब्रेस फार ताणले आहेत. आधी सैल करा, मग बाकीचे बघा. एक ब्रेस सैल केल्यावर त्या स्टेवरचे इतर दोरही हलतात, म्हणून दुरुस्ती नेहमी सर्वांत ताठ दोरापासून सुरू करा.

१०. खुंट्यांवर बांधणे आणि वेटोळी

कोणता दोर कोणत्या खुंटीवर, याचा तक्ता यार्ड चढवण्याआधीच कागदावर तयार हवा. आधी डोलकाठीच्या पायथ्याच्या खुंट्या भरा, मग कठड्याच्या. बाहेरच्या आधी भरल्यात तर त्यांवरून आत हात जाणार नाही. आराखड्यात एखाद्या दोराची जागा दिलेली नसेल तर साधारण नियम असा: वरच्या शिडांचे दोर त्याच बाजूच्या कठड्यावर मागच्या खुंट्यांकडे.

दोर खुंटीच्या खालून एक वेढा घेऊन वर तिरका न्या, पुन्हा खाली, आणि पातळ ग्लूचा थेंब द्या. खुंटीवर खऱ्यासारखे पाच-सहा वेढे घ्यायचा मोह टाळा, मॉडेलच्या प्रमाणात त्याचा गोळा होतो. ग्लू वाळल्यावर दोरा खुंटीला लागून कापा. बांधण्यापूर्वी प्रत्येक दोर खुंटीपलीकडे निदान वीतभर उरलेला असू द्या, तोकडा दोरा चिमट्यात नीट ताणता येत नाही.

वेटोळी वेगळी करा. फळीवर दोन टाचण्या ठोकून त्यांभोवती चार-पाच वेढे, वरच्या टोकाला त्याच दोऱ्याचा एक आवळ, पातळ ग्लू, आणि ओलं असतानाच खालचा भाग बोटाने थोडा पसरवा म्हणजे ते लोंबल्यासारखं दिसतं. सगळी वेटोळी एकाच लांबीची नकोत. खालच्या यार्डचे दोर लांब असतात, त्यांची वेटोळी मोठी, टॉपगॅलंटची लहान.

वेटोळी खुंटीवर अडकवण्याआधी सगळ्या दोरांवरून एकदा नजर फिरवा. दोरा सुती किंवा लिनन असेल तर ओलसर हवेत तो आखडतो, म्हणून मॉडेल एक-दोन दिवस तसंच ठेवून पाहा. सैल पडलेला दोर दिसला तर खुंटीवरचा ग्लू ओल्या ब्रशने मऊ करून पुन्हा ताणा. वेटोळी लावून झाल्यावर तोच दोर पुन्हा पकडायचा म्हणजे शेजारच्या दोन खुंट्याही मोकळ्या कराव्या लागतात.